उतारवयात शासकीय आधाराचे घर : घरकुल, म्हाडा, वृद्धाश्रम की आहे तेच घर?

महाराष्ट्रात अल्प उत्पन्नावर जगणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाने घरासाठी शासनाकडे जायचे ठरवले, तर त्याच्यापुढे साधारणपणे चार वाटा असतात. गावात घरकुल, शहरात प्रधानमंत्री आवास योजना किंवा म्हाडाची सोडत, अनुदानित वृद्धाश्रम, आणि स्वतःच्या नावावर घर असेल तर ते कायद्याच्या आधारे राखणे. या वाटांची तुलना बहुतेक वेळा अनुदानाच्या रकमेवरून होते, आणि गफलत तिथेच होते. तिशी-चाळिशीतल्या कुटुंबाला अनुदान अपुरे पडले, तर उरलेले पैसे ते कर्जाने उभे करते आणि मजुरीचा काही भाग अंगमेहनतीने भागवते. सत्तरीच्या माणसाला बँक कर्ज देत नाही, विटा वाहण्याइतके बळ त्याच्या अंगात राहिलेले नसते आणि दहा वेळा पंचायत समितीत खेपा घालणे त्याला झेपत नाही. म्हणून कोणती योजना किती देते हे पाहण्याआधी ती आपल्याकडून काय मागते, हे पाहावे, असे माझे मत आहे.

गावातील घरकुल

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात, जी २०१६ पासून इंदिरा आवास योजनेच्या जागी आली, सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ किंवा दुर्गम भागात १,३०,००० रुपये मिळतात. त्याशिवाय रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची अकुशल मजुरी आणि शौचालयासाठी १२,००० रुपये मिळण्याची सोय आहे. राज्य शासनाने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात घरकुलासाठी आणखी ५०,००० रुपयांची वाढ जाहीर केली, मात्र त्यातील काही हिस्सा छतावरील सौर ऊर्जेसाठी राखलेला असल्याने तो सगळा बांधकामासाठी हाती येईल, असे धरून चालू नये. घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते, स्वयंपाकाची जागा त्यातच धरलेली असते, आणि ठेकेदार नेमून घर बांधून घेण्यास योजनेत मनाई आहे. बांधकाम लाभार्थ्यानेच करायचे किंवा स्वतःच्या देखरेखीखाली करून घ्यायचे असते.

वृद्धांची अडचण नेमकी या शेवटच्या अटीत आहे. पहिला हप्ता साधारण १५,००० रुपयांचा असतो आणि पुढचे हप्ते काम जोत्यापर्यंत आले, नंतर चौकटीच्या वर गेले, म्हणजे अभियंता जागेवर येऊन छायाचित्रासह जिओ टॅगिंग (म्हणजे घराच्या ठिकाणाची डिजिटल नोंद) करून गेल्यावरच खात्यात पडतात. मधल्या काळात सिमेंट, वाळू आणि गवंडी यांचे पैसे कुणाकडून तरी उसने घ्यावे लागतात, आणि गावातला दुकानदार म्हाताऱ्या माणसाला उधारी देताना त्याच्या मुलाकडे पाहतो. घरकुलासाठी पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे धोरण आहे, परंतु ती जागेवर आणण्याचे वाहतूक भाडे भरावेच लागते. रोजगार हमीच्या मजुरीचेही तसेच आहे, कारण ती हजेरीवर मिळते, आणि ज्याच्याने काम होत नाही त्याच्या वाट्याची मजुरी प्रत्यक्षात दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागते.

असे असले तरी वय या योजनेत काही बाबतीत उपयोगाला येते, आणि ही गोष्ट ग्रामसभेत क्वचितच कुणी सांगते. ज्या कुटुंबात १६ ते ५९ या वयोगटातील एकही प्रौढ व्यक्ती नाही, त्या कुटुंबाला प्राधान्यक्रम ठरवताना वंचिततेचा स्वतंत्र गुण मिळतो. कुटुंबप्रमुख स्त्री असून त्या वयोगटातील पुरुष घरात नसेल, किंवा घरात दिव्यांग व्यक्ती असून धडधाकट प्रौढ कुणी नसेल, तरीही तसाच गुण मिळतो. याचा अर्थ असा की, केवळ दोघे म्हातारा-म्हातारी राहत असलेले मातीचे घर आणि मुलगा-सून सोबत असलेले तसेच घर, यांत पहिल्याचा क्रम वर लागू शकतो. सर्वेक्षणाच्या वेळी शहरात कायमचा राहणारा मुलगा केवळ शिधापत्रिकेवर नाव आहे म्हणून कुटुंबात धरला गेला, तर हा लाभ हातचा जातो, तेव्हा ती नोंद आधी तपासून घ्यावी.

दुसरी तरतूद याहून महत्त्वाची आहे. लाभार्थी वृद्ध किंवा अपंग असल्यामुळे स्वतः घर बांधून घेऊ शकत नसेल, तर त्याचे घर गवंडी प्रशिक्षण कार्यक्रमात (ज्यात शिकाऊ गवंडी प्रत्यक्ष घर बांधून काम शिकतात) घ्यावे, आणि तसे न जमल्यास ग्रामपंचायतीच्या किंवा गावपातळीवरील कर्मचाऱ्यांच्या मदतीने ते बांधून होईल हे राज्याने पाहावे, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे. ही मदत आपणहून दारात येत नाही. मंजुरीचे पत्र मिळताच गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा, त्यात वय आणि असमर्थता नमूद करावी आणि पोच घ्यावी. तोंडी विनंतीची कुठेही नोंद होत नाही.

जागेचा प्रश्न उरतोच. गावठाणात स्वतःची जागा असेल आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, आपले नाव असेल, तर वाट सोपी आहे. जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी १,००,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. परंतु जागा शोधणे, मोजणी, खरेदीखत आणि त्यानंतर बांधकाम एवढा पल्ला पंचाहत्तरीच्या एकट्या माणसाने सोबतीशिवाय गाठावा, असा सल्ला मी देणार नाही.

अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गासाठी २०२३-२४ पासून तीन वर्षांकरिता आखलेली मोदी आवास, अशा राज्याच्या योजनाही आहेत. ग्रामीण भागातील त्यांची रक्कम आणि रीत वरच्यासारखीच असल्याने वृद्धांच्या दृष्टीने त्यांत वेगळे मोजण्यासारखे फारसे नाही. प्रधानमंत्री आवासच्या यादीत नाव नसेल तर त्यांचा विचार करावा, एवढेच.

शहरातील पर्याय

१ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, स्वतःची जागा असल्यास तिच्यावर घर बांधण्यासाठी किंवा भागीदारी प्रकल्पातील तयार घरासाठी, केंद्र आणि राज्य मिळून २.५ लाख रुपयांचे अर्थसाहाय्य मिळते. देशात कुठेही पक्के घर नसावे आणि गेल्या २० वर्षांत कोणत्याही शासकीय घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा, या अटी आहेत. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले अशी व्याख्या असल्याने विवाहित मुलाच्या नावावर सदनिका असणे हे आईवडिलांच्या आड येत नाही. विधवा, एकट्या स्त्रिया, दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिक यांना प्राधान्य देण्याची तरतूदही आहे.

नगरपरिषदेच्या हद्दीत जुन्या वाड्यातली किंवा पडवीची का होईना, पण कागदोपत्री स्वतःची जागा असलेल्या वृद्धासाठी यातला बांधकामाचा घटक चांगला आहे, कारण इथली रक्कम गावातल्या घरकुलाच्या मूळ रकमेच्या सुमारे दुप्पट आहे. बांधकामावर देखरेखीची अडचण मात्र तशीच राहते. तयार घरात ती अडचण नाही, पण तिथे अनुदान वजा जाऊन उरलेली किंमत भरावी लागते, आणि तिथेच गाडे अडते. गृहकर्जावरील व्याज अनुदानाचा घटकही योजनेत आहे. तो ज्येष्ठांसाठी जवळपास निरुपयोगी समजावा, कारण बहुतेक बँका कर्जदार सत्तर-पंचाहत्तरीला पोहोचण्याआधी कर्ज फिटेल एवढीच मुदत देतात, आणि अर्जदार आधीच अडुसष्ट वर्षांचा असेल तर हप्ता परवडण्यापलीकडे जातो.

म्हाडाच्या सोडतीबद्दल वृद्धांमध्ये जेवढी आशा दिसते, तेवढा त्यांना तिचा उपयोग होत नाही. अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर प्रदेशांत वार्षिक ६ लाख आणि उर्वरित राज्यात ४.५ लाख आहे, त्यामुळे पात्र ठरणे अवघड नाही. अवघड आहे ते पैसे भरणे. २०२३ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत गोरेगाव येथील पहाडी भागातली, ३२२ चौरस फुटांची, अत्यल्प गटासाठीची घरे सुमारे ३० लाखांना होती. वर्षाला जेमतेम दोन-अडीच लाख मिळवणाऱ्या निवृत्त कामगाराने हे घर घ्यायचे तर भविष्य निर्वाह निधीची सगळी पुंजी आणि मुलाचे कर्ज, दोन्ही लागणार, आणि मुलाने हप्ते भरले की घरावर हक्क कुणाचा, हा प्रश्न मागाहून उभा राहतो. शिवाय आजवरच्या सोडतींत पत्रकार, कलावंत, माजी सैनिक, दिव्यांग असे प्रवर्ग आहेत, केवळ वय हा प्रवर्ग त्यांत नाही. घर लागल्यावर उंच इमारतीचे देखभाल शुल्क दरमहा द्यावे लागते, आणि श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन १,५०० रुपये आहे, हा हिशेब अर्ज भरण्यापूर्वीच मांडलेला बरा. ज्यांच्याजवळ जुनी जागा विकून आलेली रक्कम आहे, त्यांनी पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर मंडळांच्या सोडतींकडे जरूर पाहावे, तिथल्या घरांच्या किमती मुंबईच्या तुलनेत आवाक्यातल्या असतात.

झोपडपट्टीत राहणाऱ्या वृद्धाची गोष्ट वेगळी आहे. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीचा पुरावा असेल तर पुनर्वसनात ३०० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळते, आणि त्यानंतरच्या पण १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकाला ते २.५ लाख रुपये भरून मिळते. म्हणून अशा ज्येष्ठाने दुसऱ्या कोणत्याही योजनेच्या मागे लागण्याआधी परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे प्रकल्पातील झोपडीधारकांच्या पात्रतेच्या अधिकृत यादीत, आपले नाव पात्र म्हणून आहे ना, हे पाहावे, आणि प्रकल्प रखडल्यास संक्रमण काळातील भाड्यावर किती वर्षे काढावी लागतील, याचाही विचार करावा.

वृद्धाश्रम

ज्याला जागा नाही, सांभाळणारे कुणी नाही आणि प्रकृतीही साथ देत नाही, त्याच्यासाठी वरील सगळ्या योजना कागदावरच राहतात. मिळालेले घरकुल त्याच्या हातून बांधून होणार नाही, आणि झाले तरी त्यात त्याला जेवण कोण देणार? राज्यात स्वयंसेवी संस्थांना अनुदान देऊन वृद्धाश्रम चालवण्याची योजना १९६३ पासून आणि मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ पासून आहे. साधारणपणे पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ५५ वर्षे ही वयाची अट असते, आणि निराधारांसाठी विनामूल्य जागा राखलेल्या असतात. चौकशी जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात करावी, किंवा ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय साहाय्यक्रमांकावर फोन करावा.

इथे मालकी काहीच मिळत नाही, पण निवारा, दोन वेळचे जेवण आणि आजारपणात हाक मारायला कुणीतरी, हे तिन्ही एकदम मिळते, आणि बाकीच्या तीन वाटांपैकी एकीवरही हे मिळत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. पती-पत्नीला एकत्र राहू देतात का, अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात का, आणि पालक म्हणून कुणाचे नाव सक्तीने मागतात का. यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेक ठिकाणी नाही असे येते, कारण कित्येक आश्रम हिंडते-फिरते वृद्धच घेतात. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रम असावा असे म्हटले आहे, परंतु कलमाचा शब्द 'शकेल' असा आहे, बंधनकारक नाही, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्ष काय आहे ते पाहूनच निर्णय घ्यावा.

आहे ते घर राखणे

घरासाठी मदत शोधणाऱ्या वृद्धांपैकी काहींना वस्तुतः घर असते, पण त्यातून त्यांना बाहेर काढलेले असते किंवा त्यांचे तिथे राहणे असह्य केलेले असते. त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त शासकीय मदत २००७ च्या याच ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे. प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे साधा अर्ज करता येतो, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, आणि सांभाळ करण्याच्या अटीवर मुलांना दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, कलम २३ खाली परत मिळवता येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये अशा प्रकरणात न्यायाधिकरण ताबा परत देण्याचाही आदेश देऊ शकते, असे म्हटले. मात्र त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये अशी अट दाखवता आली पाहिजे, असेही सांगितले आहे. म्हणून बक्षीसपत्रात 'सांभाळ न केल्यास हे रद्द समजावे' या अर्थाचे वाक्य नसेल तर सही करू नये, आणि त्याहूनही बरे म्हणजे बक्षीसपत्र टाळून मृत्युपत्र करावे, कारण ते हयातीत केव्हाही बदलता येते.

याचा घरकुलाशी थेट संबंध आहे. मंजुरीच्या वेळी 'बाबा, जागा माझ्या नावावर करा, म्हणजे घरकुल लगेच होईल' असे मुलगा सांगतो, आणि बरेचदा त्याच्या मनात खोट नसते. तरीही जागा वडिलांच्या नावावर राहून घरकुल आई-वडिलांच्या संयुक्त नावाने मंजूर होऊ शकते, आणि मुलाने बांधकामावर उभे राहायचे, अशी वाटणी अधिक सुरक्षित आहे.

गावठाणात स्वतःची जागा आणि मदतीला एखादा पुतण्या किंवा शेजारी असलेल्या जोडप्याने घरकुल घ्यावे. एकट्या, आजारी आणि जागा नसलेल्या माणसाने घरकुलाच्या यादीची वाट न पाहता वृद्धाश्रमात नाव नोंदवावे. वृद्धाश्रमात गेल्याने गावातल्या जागेवरचा हक्क जात नाही, फक्त घरपट्टी दरवर्षी स्वतःच्या नावाने भरून पावती जपून ठेवावी आणि घर कुणाला वापरायला दिले असल्यास तसे लिहून घ्यावे.