कंपनीने दिलेलं कोचिंग, बरेच महिने वापरल्यानंतर

टीम लीड झाल्यावर कंपनीने मला कोच दिला, म्हणजे कामातल्या अडचणींवर बोलून स्वतःच वाट शोधायला मदत करणारा माणूस. दर पंधरवड्याला तासभर व्हिडिओ कॉल, आणि आता बरेच महिने झालेत. घ्यावं का, उपयोग होतो का असं सारखं कोणीतरी विचारतं म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी हे, की कोच सल्ला देत नाही. प्रश्न विचारतो आणि मग गप्प बसतो, सुरुवातीला ते जाम ऑकवर्ड होतं. तुम्हाला तयार उत्तर हवं असेल तर तुमच्याच कामातला कोणी सीनियर गाठा, ते जास्त कामाचं. आणि झोप उडालीये, कशातच मन लागत नाहीये असं असेल तर डॉक्टर किंवा थेरपिस्ट, कोच नाही. माझ्या कोचनी हे पहिल्याच कॉलवर स्वतःहून सांगितलं, तेव्हाच म्हटलं माणूस सरळ दिसतोय.

सरळ असणं महत्त्वाचं कारण कोच म्हणवून घ्यायला कुठलं लायसन्स लागत नाही, कोणीही बोर्ड लावू शकतो. आयसीएफ म्हणजे कोच लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिचं क्रेडेन्शियल (प्रमाणपत्र) बघा. त्याच्या तीन चढत्या पायऱ्या आहेत, एसीसीला निदान 100 तास कोचिंग केलेलं लागतं, पीसीसीला 500, एमसीसीला 2500. अर्थात 2500 तासवाल्याशी तुमचं जमेलच असं नाही, त्यामुळे कोच ठरवण्याआधीच्या ओळखीच्या कॉलवर एक प्रश्न नक्की टाका, तुम्ही आजवर कोणाला नाही म्हणालात आणि का? ज्याला यावर काहीच सांगता येत नाही तो सगळ्यांनाच हो म्हणत असणार.

आता तयारी. माझ्या मते निम्मं काम आदल्या दिवशी होतं. 'कम्युनिकेशन सुधारायचंय' हा विषय नाही, त्यावर तासभर गोड गप्पा होतात आणि हाती काही लागत नाही. 'परवा मीटिंगमध्ये एकाने माझी डेडलाइन सगळ्यांसमोर खोडून काढली आणि मी काहीच बोलले नाही, पुढच्या आठवड्यात परत तोच समोर असणारे' हा विषय. असा एकच प्रसंग घ्यायचा, ताजा, आणि लिहून काढायचा. क्रिस आर्जिरिस नावाच्या अभ्यासकाची एक जुनी पद्धत आहे, पानाचे दोन भाग करायचे, उजवीकडे कोण काय बोललं ते शक्यतो शब्दशः आणि डावीकडे तेव्हा आपल्या मनात काय चाललं होतं पण तोंडातून निघालं नाही ते. मी हे आदल्या संध्याकाळी कोचना पाठवून देते, म्हणजे सेशनची पहिली वीस मिनिटं कहाणी सांगण्यात जात नाहीत. डेडलाइनचं लिहिलं तेव्हा उजव्या बाजूला त्या माणसाचं एकच वाक्य होतं, 'टेस्टिंगला वेळ धरलाय का?', आणि डावी बाजू मात्र पान भरून! कोचनी फक्त विचारलं, यातलं त्याने नक्की काय म्हटलं? बास, पुढचं सगळं बोलणं त्या एका प्रश्नावर.

बरेच कोच ग्रो (GROW) मॉडेल वापरतात, म्हणजे बोलणं चार टप्प्यांत न्यायचं, ध्येय, सध्याची परिस्थिती, पर्याय आणि मग नक्की काय करणार. आपल्याला घाई पर्यायांची असते पण खरा माल परिस्थितीच्या टप्प्यात असतो, तिथे रेंगाळायला कोचला परवानगी द्या. आणि शेवटी 'प्रयत्न करीन' यावर सुटू नका. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं संशोधन आहे की 'अमुक झालं तर मी तमुक करीन' असं ठरवलेलं जास्त पार पडतं. माझं ठरलं होतं, त्या डेडलाइनवाल्या माणसाने आकडा विचारला तर उत्तर द्यायच्या आधी त्याचा प्रश्न मी परत बोलून दाखवीन. छोटंसं आहे, पण झालं.

कंपनी पैसे भरत असेल तर एक गोष्ट सुरुवातीलाच लेखी घ्या, बॉसला आणि एचआरला काय कळणार. आमच्यात ठरलं की ध्येय काय आणि सेशन झालं की नाही एवढंच कळेल, आत काय बोललो ते नाही. हे स्पष्ट नसेल तर माणूस बॉसबद्दल तोंडच उघडत नाही, आणि निम्मे विषय तर बॉसचेच असतात :) बॉसला मात्र एका मीटिंगला बोलवा आणि विचारा, माझ्यात काय बदललेलं तुम्हाला डोळ्यांनी दिसायला हवं? आमच्या बॉसचं उत्तर माझ्या ध्येयापेक्षा वेगळंच निघालं, बरं झालं आधी कळलं.

न आवडलेलं: सुरुवातीची पर्सनॅलिटी टेस्ट. लांबलचक रिपोर्ट आला, नंतर कोणी उघडलाही नाही. थ्री सिक्स्टी फीडबॅक, म्हणजे बॉस, सहकारी, हाताखालचे अशा सगळ्यांकडून आपल्याबद्दल घेतलेलं मत, उपयोगी आहे, पण पाच जणांच्या टीममध्ये निनावी वगैरे काही नसतं, वाक्यावरून माणूस ओळखू येतो, त्यामुळे लोक जपून लिहितात. मध्ये दोनेक सेशन अगदीच फुसकी गेली, तेव्हा कोचना तोंडावर सांगितलं की मला अजून खोदून विचारा, आणि त्यांनी तसं केलं. सेशन संपल्यावर लगेच दुसरी मीटिंग मात्र ठेवू नका, अर्धा तास मोकळा ठेवा, नाहीतर ठरवलेलं पुढच्या कॉलमध्येच विरून जातं.

सध्या मी दर पंधरवड्याचं बंद करून तिमाहीला एक सेशन ठेवलंय. रोल बदलला तर परत पूर्ण घेईन, पण कोच हेच मिळाले तर.