सूझाचा ‘द नॅशनल गेम’: हंगामभर वाजवल्यानंतरचा अनुभव

अमेरिकी संगीतकार जॉन फिलिप सूझाचा ‘द नॅशनल गेम’ हा मार्च (बँडसाठीची संचलनाच्या ठेक्यातील रचना) ज्यांनी बँडमध्ये वाजवला आहे, त्यांना त्याचा इतिहास नव्याने सांगायला नको. नॅशनल लीग या बेसबॉल स्पर्धेच्या पन्नाशीनिमित्त बेसबॉलचे कमिशनर न्यायाधीश लँडिस यांच्या विनंतीवरून 1925 साली तो रचला गेला, एवढे पुरे. आमच्या न्यू जर्सीतील हौशी बँडने यंदा उन्हाळ्यातील कार्यक्रमांसाठी तो बसवला आणि तालवाद्ये माझ्याकडे असल्यामुळे त्यात वाद्य म्हणून वाजवायची बेसबॉलची बॅटही माझ्याकडेच आली.

पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या स्वरलिपीची पाने, एका ऑनलाइन विक्रेत्याकडून विकत घेतले, त्याचा राग अजून गेलेला नाही. चांगले पैसे मोजून हाती पडली ती पुसट फोटोकॉपी, आणि तालवाद्यांच्या पानावर बॅटची ओळच नव्हती. तक्रार केल्यावर, फाइल एकदा उतरवून घेतली की पैसे परत मिळत नाहीत, असे ठरावीक उत्तर आले. पुढे समजले की अमेरिकेच्या मरीन बँडने, म्हणजे तिथल्या मरीन सैन्यदलाच्या बँडने, (1880 ते 1892 या काळात सूझा स्वतः त्याचा प्रमुख होता) त्याच्या मार्चांची संपादित आवृत्ती ध्वनिमुद्रणांसह विनामूल्य उपलब्ध करून दिली आहे. सुबक, स्वच्छ आणि फुकट!

सुरुवातीला ही चाल मला दुय्यम वाटली होती. मात्र त्या आवृत्तीत दाखवल्याप्रमाणे एखादा भाग पहिल्यांदा हळू आवाजात वाजवून पुन्हा येताना पूर्ण ताकदीने उचलला, तेव्हा मत बदलले.

तरीही या मार्चचा जीव बॅटच्या ठोक्यातच आहे. सूझाच्या वादकांचा स्वतःचा बेसबॉल संघ होता आणि दौऱ्यांवर ते सामने खेळत, त्यामुळे ही बॅट शोभेसाठी घातलेली नाही. अ‍ॅल्युमिनियमची बॅट कृपया आणू नये. तिचा टणत्कार ट्रॉम्बोन या पितळी वाद्याच्या सुरात मिसळून ठोक्याची धार घालवतो. ॲश या लाकडाची जुनी बॅट उत्तम, पण विकत घेण्यापूर्वी बोटाने वाजवून पाहावी, कारण आतून चिरलेले लाकूड दबका, मेलेला आवाज देते. मूठ घट्ट आवळली तरी नाद गुदमरतो, म्हणून दोन बॅटी सैल धरून जाड भागावर जाड भाग आपटावा. मोकळ्या बागेत हा ठोका मागच्या रांगांतून पुढे पोहोचत नाही. मला कॉर्नेटवाल्यांच्या (ट्रम्पेटसारखे छोटे वाद्य वाजवणाऱ्यांच्या) शेजारी उभे केल्यावरच तो श्रोत्यांना ऐकू येऊ लागला.