तक्ता पाठ करू की समोरासमोर सराव?

फोंड्याचा मित्र पोकरच्या छोट्या टूर्नामेंटांत शेवटच्या दोघांपर्यंत येतो नि तिथेच आपटतो. विचारत होता, पुश-फोल्डचा तक्ता (चिप्स कमी असताना कोणत्या पत्त्यांवर ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावायच्या, नि कोणते टाकून द्यायचे याची यादी) पाठ करू की जोडीदार धरून सराव?

खर्च दोन्हीकडे नगण्य. कष्टांत फरक: तक्ता एकट्याने होतो, सरावाला माणूस लागतो. (आमचा जोडीदार चतुर्थीला गावी गेला तो गेलाच.)

उपयोगाचं बोलू. 10 बिग ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी सक्तीने लावायच्या मोठ्या रकमेच्या दहापट चिप्स) उरलेत, तू बटणावर (वाटणाऱ्याच्या जागी), दोघंच उरलेत म्हणजे स्मॉल ब्लाइंडही (छोटी सक्तीची रक्कम) तुझाच. हातात राजा-दुर्री, वेगळ्या रंगांची. तक्ता म्हणतो ऑल-इन. मी वर्षभर असे पत्ते टाकून देत होतो! पण समोरचा घाबरट की हट्टी, हे तक्त्याला दिसत नाही.

ब्लाइंड भराभर चढत असतील तर तक्ताच. 25 बिग ब्लाइंडच्या वर चिप्स राहत असतील तर सराव. फ्लॉपनंतरचा (टेबलावर पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावरचा) खेळ तक्त्यात नसतोच.