व्हॅटिकन म्युझियम्स : वर आलात की उजवीकडे वळा

आधी निकाल सांगून टाकते. चित्रांना पाचपैकी पाच, व्यवस्थेला तीन, आतल्या खाण्याला दोन. आणि वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: तिकीट दाखवून सरकत्या जिन्याने वर आलात की सगळी गर्दी डावीकडे जाते. तुम्ही उजवीकडे जा.

मी जळगावची. बरीच वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली आणि थंडीत सहलीची बस भरून त्यांना अजिंठ्याला नेलं. त्यामुळे माझं परीक्षण भिंतीवरच्या चित्रांकडे झुकलेलं आहे. पोपच्या गाड्या, नाणी, आतली दुकानं यांची चौकशी करायची असेल तर आमच्या ह्यांना विचारा. त्यांनी गाड्या अगदी मन लावून पाहिल्या.

तिकिटापासून सुरुवात करते, कारण लोक तिथेच फसतात. ऑनलाइन तिकीट २० युरो आणि बुकिंगचे ५, म्हणजे माणशी २५. ही किंमत फक्त म्युझियमच्या स्वतःच्या साइटवर मिळते. तिच्या पत्त्याच्या शेवटी डॉट व्हीए असतं; व्हीए म्हणजे व्हॅटिकन. गुगलवर शोधलं की आधी वर येतात त्या दलालांच्या साइट. त्यातल्या एकीवर आम्हाला याच प्रवेशाचे जवळजवळ दुप्पट पैसे दाखवत होते, वर ‘रांग टाळा’ अशी मोठी पाटी. आधी वेळ घेतलेल्या कुठल्याही तिकिटाला ती लांब रांग लागतच नाही, त्यामुळे ही काही खास सोय नव्हे. साधारण दोन महिने आधी तारखा खुल्या होतात आणि चांगल्या वेळा भराभर संपतात. पैसे परत मिळत नाहीत, म्हणून रोमची रेल्वे किंवा विमान पक्कं झाल्यावरच बुक करा. मुलीने म्युनिकमधून बुकिंग केलं आणि तिकिटाचा कोड व्हॉट्सॲपवर पाठवला, तो मोबाइलवर दाखवून आत गेलो. व्हॅटिकन वेगळा देश असला तरी वेगळा व्हिसा नाही. शेंगेन व्हिसावर रोममध्ये आलात की भिंतीपर्यंत चालत जायचं, झालं.

ओताव्हियानो मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलात की गळ्यात ओळखपत्र अडकवलेले लोक गाठतात. ‘आजची तिकिटं संपली, माझ्याकडे आहेत,’ असं सांगतात. नुसतं ‘नो, नो’ म्हणत सरळ चालत राहायचं.

आता वेळ. सध्या सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते रात्री ८ उघडं असतं, शेवटचा प्रवेश संध्याकाळी ६ ला. रविवारी बंद. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी ९ ते २ फुकट असतं, आणि त्या फुकटाच्या नादी लागू नका. सगळे सांगतात सकाळी आठचा स्लॉट घ्या. माझं मत वेगळं आहे. सकाळी आठला बसभरून आलेले गटही तिथेच असतात, झेंडा उंचावलेली गाइड पुढे आणि चाळीस माणसं मागे. आम्ही दुपारी साडेतीनचा स्लॉट घेतला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बाहेरच खाऊन घेतली आणि निवांत आत शिरलो. पाचनंतर गॅलऱ्या खरोखर सैल होतात. बंद होण्याच्या अर्धा तास आधी बाहेर काढायला सुरुवात करतात, तेवढा हिशेब ठेवा. पोपची निवडणूक मायकेलअँजेलोने छत रंगवलेल्या सिस्टीन चॅपलमध्ये होते, तेव्हा ते बंद असतं. २०२५ च्या एप्रिलअखेरीस ऐन सुट्टीच्या दिवसांत ते तसं बंद झालं होतं. म्हणून बातम्यांवर एक नजर असू द्या.

कपड्यांचा नियम कडक आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, पंजाबी ड्रेस यांना काहीच अडचण नाही. अडतात ती हाफ पँटमधली मुलं. मोठी पाठपिशवी, लांब छत्री, ट्रायपॉड क्लोकरूममध्ये ठेवावे लागतात, त्याचे पैसे घेत नाहीत. स्वच्छतागृह प्रवेशाजवळच उरकून घ्या, पुढे अंतरं फार आहेत.

तर उजवीकडे. उजवीकडे पिनाकोतेका आहे, म्हणजे चित्रदालन, १९३२ सालची वेगळी इमारत. अठरा खोल्या, काळाच्या क्रमाने लावलेल्या. सोनेरी पार्श्वभूमीवरच्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या संतांपासून सुरुवात होते, आणि नुसतं चालत गेलात तरी माणसाच्या अंगाला वजन कसं येत गेलं, डोळ्यांत भाव कसे उतरले, हे दिसतं. डावीकडे धावणाऱ्या गर्दीतले निम्मे लोक इकडे येतच नाहीत. राफाएलच्या खोलीत बसायला जागा मिळाली! समोर त्याचं शेवटचं चित्र, ‘ट्रान्सफिगरेशन’. १५२० मध्ये तो गेला तेव्हा वय अवघं सदतीस.

पण मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले ती लिओनार्डोच्या संत जेरोमसमोर. हे चित्र अर्धवट राहिलंय आणि त्यातच त्याची गंमत आहे. वाळवंटातला म्हातारा साधू एका हातात दगड घेऊन स्वतःची छाती बडवायच्या बेतात आहे. मानेच्या शिरा, गळ्याजवळची हाडं, खोल गेलेले गाल, सगळं रंगवलेलं. आणि त्याच्या पुढ्यात बसलेला सिंह म्हणजे नुसती रेषा. शेपटी वळलेली, तोंड उघडं, आत काही भरलेलंच नाही. मुलांना सांगून सांगून घसा कोरडा व्हायचा की आधी शरीररचना, मग सावली, मग रंग. इथे तिन्ही पायऱ्या एकाच फळीवर उघड्या आहेत. वरच्या भागात रंग ओला असताना लिओनार्डोने बोटांनी पसरवलाय, त्याच्या बोटांचे ठसे अभ्यासकांना सापडलेत. चित्राभोवती गर्दी नव्हती. पॅरिसला मोनालिसासमोर काय होतं ते माझ्या मुलीने पाहिलंय, ती इथे नुसती हसत होती.

तीन खोल्या पुढे काराव्हाज्जो. ख्रिस्ताचा देह थडग्यात ठेवतानाचं चित्र. खालच्या दगडी फरशीचा कोपरा चित्रातून बाहेर तुमच्या पोटाकडे येतो. यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शिकवणाऱ्यांनी तो कोपरा जरूर पाहावा.

इथे एक तास दिला. मग मुख्य प्रवाहात आलो. अष्टकोनी अंगणात लाओकून आहे: सापांच्या विळख्यातला पुजारी आणि त्याची दोन मुलं. हे शिल्प १५०६ मध्ये रोममधल्या एका द्राक्षमळ्यात सापडलं, पोप दुसरा ज्युलियस याने ते विकत घेतलं, आणि म्युझियम आपला जन्म तिथूनच मोजतं. पुजाऱ्याचा उजवा हात सापडलेला नव्हता, म्हणून नंतरच्या लोकांनी वर ताणलेला हात बसवला. पुढे १९०६ मध्ये लुडविग पोलाक नावाच्या जाणकाराला एका दगडकाम करणाऱ्याच्या आवारात वाकलेला हात दिसला, आणि तोच खरा निघाला. आज आहे तो वाकलेला. गोल दालनातली लाल पॉर्फिरी दगडाची अवाढव्य परात, इजिप्तच्या ममी, दीपस्तंभांची गॅलरी हे सगळं चालता चालता पाहिलं. त्याचं मला वाईट वाटत नाही. इथे सगळं पाहायचं ठरवलंत तर काहीच दिसत नाही.

नकाशांच्या गॅलरीत मात्र पाय आपोआप मंदावतात. १२० मीटर लांब दालन, दोन्ही भिंतींवर इटलीच्या प्रदेशांचे चाळीस नकाशे, १५८० च्या आसपास इग्नात्सिओ दान्ती या धर्मगुरू-गणितज्ञाच्या देखरेखीखाली रंगवलेले. सगळे लोक मान वर करून सोनेरी छताचे फोटो काढतात. खाली समुद्राच्या निळ्यात छोटी छोटी गलबतं आहेत, ती बघा.

यापुढे जागोजागी ‘सिस्टीन’ असे बाण आहेत आणि गर्दी बाणांच्या मागे जाते. काही गाइड वेळ वाचवायला राफाएलने भिंती रंगवलेल्या खोल्या वगळून गटाला थेट चॅपलमध्ये नेतात. गटातून जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी विचारून घ्या, कारण तिथलं ‘स्कूल ऑफ अथेन्स’ हे भित्तिचित्र न बघता परतणं हा शुद्ध तोटा आहे. प्लेटो आणि ॲरिस्टॉटल कमानीखालून चालत येतात आणि फरशीच्या सगळ्या रेषा त्यांच्यामधल्या बिंदूकडे धावतात, हे आम्ही फळ्यावर पट्टीने काढून दाखवायचो. पुढे पायरीवर, दगडी ठोकळ्यावर कोपर टेकून, बूट घालून एकटाच विचारात बसलेला माणूस आहे. तो ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लायटस, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते चेहरा मायकेलअँजेलोचा. मिलानमध्ये या चित्राचा मूळ मोठा आराखडा जपलेला आहे, त्यात हा माणूस नाहीच. राफाएलने नंतर गिलाव्याचा तेवढा तुकडा नव्याने लावून त्याला बसवला. शेजारच्या चॅपलमध्ये प्रतिस्पर्धी छत रंगवत होता तेव्हाची ही दाद. मला हे फार आवडतं.

त्यानंतर आधुनिक कलेच्या खोल्या लागतात आणि लोक तिथून अक्षरशः पळतात. एका भिंतीवर व्हॅन गॉगचं छोटं ‘पिएता’ आहे, म्हणजे मृत येशू आणि शोकात बुडालेली मेरी. आम्ही होतो तेवढ्या वेळात तिथे दुसरं कुणी थांबलं नाही.

आणि मग सिस्टीन. साधारण ४० मीटर लांब, १३ मीटर रुंद, २० मीटर उंच. आत फोटो बंद, बोलणं बंद. रक्षक मधूनमधून ‘सिलेन्त्सिओ’ म्हणून ओरडतात आणि त्या ओरडण्याचाच आवाज सर्वांत मोठा असतो. ‘पुढे चला, पुढे चला’ ऐकून मला पंढरपूरची मुखदर्शनाची रांगच आठवली. पण इथे एक फरक आहे: मधल्या गर्दीतून बाजूला झालात की तुम्हाला कुणी हाकलत नाही. भिंतीला लागून दगडी बाक आहेत. डोळा ठेवून थांबा, कुणी उठलं की बसा. आम्ही अर्ध्या तासाहून जास्त बसलो.

दोन गोष्टी सांगते. तुम्ही आत शिरता ते वेदीच्या बाजूच्या दाराने, त्यामुळे ‘अंतिम न्याय’ची प्रचंड भिंत तुमच्या पाठीमागे राहते; आधी मधोमध चालत जा आणि मग वळा. दुसरं म्हणजे, पक्षी बघायची लहान दुर्बीण न्या. मला कुणी अडवलं नाही. २० मीटरवरून आदमच्या हातापेक्षा कितीतरी बारकं काम दिसतं. वेदीच्या समोरच्या टोकाकडे बायबलमधल्या महापुराचं चित्र आहे, त्यात माणसं इवलीशी आणि दाटीवाटीने. काम वेदीकडे सरकत गेलं तशी माणसं मोठी आणि मोजकी होत गेली. खालून कसं दिसतं ते मायकेलअँजेलोला काम करताना उमगलं असणार. वेदीच्या बरोबर वर योना हा बायबलमधला संदेष्टा बसलाय. तिथे छत पुढे, तुमच्या अंगावर झुकतं, पण योना मात्र मागे रेललेला दिसतो. सपाट कागदावर मागे रेललेला माणूस काढताना मुलांची तारांबळ उडते, आणि ह्या गृहस्थाने उलट्या वळणावर तो काढलाय. झोपून नाही हं, उभ्याने, मान मागे टाकून. तोंडावर रंग ठिबकतो अशी तक्रार त्याने स्वतःच एका कवितेत केली आहे.

हे ओल्या गिलाव्यावरचं काम. दिवसभरात रंगेल तेवढाच चुना लावायचा, सुकायच्या आत रंगवायचं. आपलं अजिंठा वेगळं: तिथे माती, शेण आणि भाताच्या तुसाच्या थरावर चुन्याचा पातळ हात, आणि रंग कोरड्यावर डिंकात कालवून. गंमत म्हणजे १९२० ते २२ मध्ये निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहूनच लोरेन्झो चेक्कोनी यांना बोलावलं होतं. सुटत चाललेले पापुद्रे त्यांनी चिकटवले, पण वरून लावलेलं व्हार्निश पुढे पिवळं पडलं. सिस्टीनच्या छतावरही जुन्या दुरुस्त्यांतली सरस काळवंडली होती. १९८० ते १९९४ च्या सफाईत ती निघाली तेव्हा खालचे गुलाबी, पोपटी, नारिंगी रंग बघून निम्मे तज्ज्ञ खूश आणि निम्मे संतापले. सफाईआधीचं छत कसं होतं ते कळावं म्हणून काही छोटे काळे चौकोन मुद्दाम तसेच ठेवलेत. दुर्बिणीतून ते शोधा. मला एक सापडला, तो मी मुलीला खुणेनेच दाखवला.

गुडघ्यांविषयी: चालणं फार आहे आणि बाक कमी. ओळखपत्र ठेवून व्हीलचेअर मोफत मिळते, तिच्यासाठी लिफ्टचा मार्गही आहे. ह्यांनी मानापायी ती घेतली नाही आणि रात्रभर आयोडेक्स चोळून घेतलं. तुम्ही घ्या.

आतल्या कॅफेत पिझ्झाचा गार तुकडा महाग मिळतो. शाकाहारी आहे एवढंच त्याचं कौतुक. पाण्याची बाटली सोबत ठेवा.

चॅपलच्या मागच्या भिंतीत उजवीकडे एक दार आहे, ते थेट सेंट पीटर्स बॅसिलिका या मोठ्या चर्चकडे उतरतं. ते गाइडसोबतच्या गटांसाठी असतं. त्यात मिसळून निसटता येतं असं ऐकाल, पण क्लोकरूममध्ये बॅग असेल तर ती घ्यायला पूर्ण भिंतीला वळसा घालून परत यावं लागेल. आम्ही नेहमीच्या वाटेने गेलो, १९३२ च्या दुहेरी वळणाच्या जिन्याने उतरलो. बॅसिलिकाला तिकीट नाही, फक्त सुरक्षातपासणीची रांग. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लावा. बुधवार सोडून, कारण बुधवारी सकाळी चौकात पोपची सभा असते.