६० मिमीचा पेव्हर ब्लॉक: मुंबईच्या फुटपाथला चालतो का?

पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर पाय पडतो, ब्लॉक एका कडेने खाली जातो आणि सांध्यातून उडालेलं गढूळ पाणी पोटरीपर्यंत येतं. शिव्या ब्लॉकला बसतात, पण दोष बहुतेक वेळा त्याच्या खालच्या थराचा असतो. माल म्हणून ६० मिमी जाड, एम-३५ (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा, आकडा मोठा तितका मजबूत) ब्लॉकला पाचपैकी चार गुण. मुंबईत तो जसा बसवला जातो त्याला जेमतेम दीड.

पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक आयएस १५६५८ प्रमाणे निव्वळ पायी रहदारीला ५० मिमी, एम-३० पुरतो. पण आपल्या फुटपाथवर बाइक चढते, टेम्पोचं एक चाक चढतं, म्हणून ६० च्या खाली जाऊ नका. सोसायटीच्या गेटसमोर, जिथून गाड्या आत-बाहेर करतात, तिथे ८० मिमी, एम-४० घ्या. रबराच्या साच्यात ओतलेला चकचकीत ब्लॉक दुकानात छान दिसतो. जुलैत त्यावर शेवाळ धरलं की ज्येष्ठांचं काही खरं नाही. यंत्राने दाबून काढलेला, प्रेसचा खरखरीत ब्लॉकच बरा. माल उतरला की दोन-चार ब्लॉक चांगले वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा करा. सरासरी वजनवाढ ६ टक्क्यांच्या आत हवी. जास्त निघाली तर गाडी परत पाठवा.

आता बसवणं, कारण सगळा घोळ इथेच होतो. खाली खडी-मुरूम नीट दाबलेला हवा, त्यावर २५ ते ४० मिमी जाड रेती. कंत्राटदार रेतीऐवजी कच, म्हणजे खडी फोडताना उरलेला चुरा, टाकतो आणि खड्डे त्यानेच भरून समतल करतो. कचेतली बारीक भुकटी पाणी धरून ठेवते, पावसात चिखल होऊन सांध्यांतून वर येते आणि ब्लॉकखाली पोकळी राहते. पोटरीवर उडतं ते हेच पाणी. सांधे २ ते ४ मिमीचे ठेवून कोरडी बारीक रेती झाडून भरायची, प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत दाबणारं यंत्र) फिरवायचा आणि पुन्हा भरायची. ही दुसरी फेरी सहसा कोणी करत नाही. कर्बस्टोनला, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडाला, मागून काँक्रीटचा टेकू नसेल तर अख्खी रांग रस्त्याकडे सरकते. चेंबरच्या झाकणाभोवती ब्लॉकचे चिमुकले तुकडे कोंबले असतील तर पहिल्याच पावसाळ्यात ते निघणार. तिथे सरळ काँक्रीटची पट्टी घाला. रस्त्याकडे उतार १:५०, म्हणजे २ मीटर रुंदीला ४० मिमी.

‘पाणी झिरपतं’ हा विक्रेत्यांचा दावा साध्या ब्लॉकच्या बाबतीत विसरा. सांधे धुळीने बुजतात. खरंच झिरपवायचं तर रुंद सांधे, त्यात बारीक दगडी चिप्स आणि खाली भुकटी नसलेली खडी लागते. भरावाच्या जमिनीवर, जिथे भूजल वरच असतं, तिथे जादा पाण्याला गटाराकडे वाटही हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला. तसला पाऊस कुठलीच फरशी पिणार नाही.

मग स्टेन्सिल काँक्रीट, म्हणजे जागेवरच ओतून वर नक्षी उमटवलेलं काँक्रीट, का नको? व्हीलचेअर आणि बाबागाडीला ते निर्विवाद चांगलं, डुगडुगत नाही. पण केबलसाठी एकदा खोदलं की ठिगळ कायमचं, आणि बुंध्याला चिकटवून ओतलं की झाड गुदमरतं. बुंध्याभोवती १ मीटर माती मोकळी सोडा. पुढे मुळांनी उचललेले ब्लॉक काढून रेती सारखी करता येते, मुळं न तोडता.

फरशी कुठलीही घ्या, चालायची पट्टी आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका) प्रमाणे किमान १.८ मीटर मोकळी हवी. मध्येच फीडर पिलर (विजेची पेटी) आला तर ब्लॉकचा दर्जा काय कामाचा? फुटपाथच्या टोकाचे बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, बाइक अडवायला लावतात आणि अडते व्हीलचेअर. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा विषय स्वतःहून हाती घेतला. दोन बोलार्डमध्ये ९०० मिमीपेक्षा कमी जागा नको आणि उताराचा रॅम्प १:१२ पेक्षा चढा नको.

ऑर्डर देताना त्याच बॅचचे थोडे जादा ब्लॉक मागून ठेवा, कारण पुढच्या लॉटमध्ये रंग जुळत नाही. आणि दरवर्षी मेअखेरीस, पाऊस यायच्या आत, रिकामे सांधे रेतीने भरून घ्या.