स्टूल टेस्टसाठी राजारामपुरीतली ही लॅब : पाच तारे

बाहेरून बघाल तर एका गाळ्यातली लॅब, पार्किंगच्या नावानं बोंब. पण काम चोख.

नातू चौथीत. सारखं पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवायचा. फेब्रुवारीत शाळेत अल्बेंडाझोलची गोळी घेतलेली, त्यामुळं जंत नसणारच असं सूनबाईंचं म्हणणं. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, 400 मिलिग्रॅमची एक गोळी गोल जंतांवर चांगली चालते, व्हिपवर्मवर, म्हणजे चाबकासारख्या दिसणाऱ्या जंतावर, तेवढी नाही.

रिपोर्ट नुसता हातात कोंबला नाही, मायक्रोस्कोपमधनं दाखवला की! व्हिपवर्मचंच तपकिरी अंडं, पिंपासारखं, दोन्ही टोकांना बुचं. लांबी मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. जंत स्वतः तीन ते पाच सेंटिमीटरचा, पण बारीक तोंडाकडचा भाग मोठ्या आतड्यात रुतवून बसतो, म्हणून शीमध्ये सहसा दिसत नाही.

मोजणी काटो-कॅट्झ पद्धतीनं. 41.7 मिलिग्रॅम नमुन्यातली अंडी मोजायची, 24 नं गुणायचं, की एका ग्रॅमचा आकडा मिळतो. 1,000 च्या आत म्हणजे हलका संसर्ग, आमचा त्यातलाच. एका नमुन्यात अंडी निसटू शकतात म्हणून दुसऱ्या दिवशीचाही मागितला, त्याचे पैसे कमी लावले. औषधाचं मात्र काही बोलल्या नाहीत, डॉक्टरांकडं पाठवलं. हे मला आवडलं.

तक्रार एकच, डबीला चमचा नसतो. आणि जायचं तर सकाळी लवकर जावा, नंतर शुगरवाल्यांची रांग लागते.