रबराखाली नट निघाला: जुनी गाडी घेताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा

साठ हजारांच्या आतली, "सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंट" अशी जुनी बाइक शोधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी अशीच एक गाडी जुन्या गाड्यांच्या दुकानातून घेतली आणि फसलो. दुकानाचं नाव देत नाही, वकिलांनी नको म्हटलंय. गाडीचं मॉडेलही देत नाही, कारण कंपनीचा यात काडीचा दोष नाही.

सांगितले 62,000, ठरले 57,500. त्यातले 5,000 टोकन आणि 30,000 यूपीआयने, उरलेले 22,500 रोख. वर नावावर करून देण्याचे 3,500, तेही रोख आणि बिनपावतीचे. पुढे रोख रकमेचा विषय काढला की दुकानदाराच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

मी काही डोळे मिटून गेलो नव्हतो. इंजिनचा आवाज ऐकला, धूर बघितला, चेसी नंबर आरसीशी ताडला, एमपरिवहनवर मालक, विमा, कर्ज, चलन सगळं पाहिलं. अपघात झाला होता की नाही, हे त्या ॲपवर दिसत नाही. मीटर फिरवलंय का, हप्ते थकलेत का, ही फसवणूक सगळ्यांना पाठ असते. हँडलच्या मागे वाकून कोण बघतं?

आता तो क्षण. गाडी रांगेतून काढताना मी हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, लोखंडावर लोखंड लागल्याचा स्वच्छ 'टक' आला. उजवीकडे वळवलं तर आला 'धप'. आणि हँडल टाकीच्या किंचित जास्तच जवळ गेलं. मी थांबलो, परत वळवलं, परत 'धप'. विक्रेता लगेच पुढे. "साहेब, त्याला रबर बसवलंय. हँडल टाकीला लागू नये म्हणून. आधीचा मालक लई शौकीन होता." टाकीच्या दोन्ही बाजूंना जाड काळे पॅड चिकटवलेले होते, ते दाखवून म्हणाला, "हे पण त्यानंच लावलेत." मला तर बरंच वाटलं, जपून वापरलेली गाडी मिळाली म्हणून! समोरचा इतक्या सहज आणि इतकं पटण्यासारखं बोलत असेल, तर टॉर्च मारून तपासणी करायची वेळ येते का कुणावर? पण तो 'धप' आता रात्री आठवतो आणि चीड येते.

हँडल टाकीला लागू नये म्हणून रबर लागतच नाही. त्यासाठी गाडीच्या मानेवर, म्हणजे चेसीच्या पुढच्या नळीवर, लोखंडी स्टॉपर असतो आणि खालच्या टीला (शॉकअपचे दोन्ही पाईप धरून ठेवणाऱ्या आडव्या तुकड्याला) त्याच्यावर अडणारा खांदा. हँडल पूर्ण वळलं की हे दोन्ही एकमेकांना भिडतात आणि शॉकअपचे पाईप टाकीपासून लांबच थांबतात. गाडी समोरून जोरात आदळली की हँडल झटक्यात एका बाजूला फिरतं आणि सगळा मार त्या छोट्याशा स्टॉपरवर बसतो. तो दबतो, वाकतो, नाहीतर तुटूनच जातो. म्हणून जाणकार माणूस जुनी गाडी बघताना आधी तिथे बोट फिरवतो. रंग, पॅड, पॉलिश सगळं नवं करता येतं, ही जागा मूळच्यासारखी करणं अवघड असतं.

माझ्या गाडीचा उजवा स्टॉपर तुटलेला होता. त्या जागी यांनी एक साधा सहाकोनी नट वेल्डिंगच्या दोन टाक्यांवर चिकटवला, वर काळा स्प्रे मारला आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळला. 'शौकीन मालक' तो हाच.

दुसऱ्या महिन्यात चौकात यू-टर्न घेताना नट निघाला. हँडल उजवीकडे जायचं तिथे थांबलंच नाही. उजवा अंगठा स्विच आणि टाकीच्या मध्ये सापडला, पुढचा ब्रेक दाबता येईना, शॉकअपचा पाईप टाकीवर आदळला आणि गाडी माझ्यासकट आडवी. मागे पीएमटीची बस होती, ड्रायव्हरनं वेळेत थांबवली. टाकीच्या पॅडखालून पेट्रोल झिरपत होतं. पॅड सोलला तर आत जुना पोचा, पुट्टी भरलेला, आणि पुट्टीला तडा.

नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे गाडी नेली. ते खाली बसले, रबर कापलं आणि म्हणाले, "भाऊ, ही गाडी चांगली धडकलेली आहे." एक पाईप वाकलेला, टी किंचित पिळलेली. खर्च असा: टी 2,100, दोन्ही पाईप 3,800, कोनसेट (हँडलचे बेअरिंग) 750, सील आणि ऑइल 620, मजुरी 1,800, टाकी 2,400. एकूण 11,470. चेसीवरचा स्टॉपर मात्र करायला त्यांनी साफ नकार दिला, कारण चेसी नंबर त्याच्या शेजारीच कोरलेला आहे. तिथे ग्राइंडर चालला की नंबरशी छेडछाड केल्याचा संशय आपल्यावर. (टाकीला रबराच्या गोळ्या चिकटवा असं सुचवणारेही भेटले. पत्रा तो मार सोसत नाही.)

दुकानात जाब विचारला तर दुकानदार म्हणाला, पावती वाचा. डिलिव्हरी नोटच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात "गाडी जशी आहे तशी पाहून घेतली". "नॉन-ॲक्सिडेंट" तो तोंडानंच बोलला होता. लेखी घ्या. त्याच नोटवर, त्याच्याच अक्षरात, सहीसकट.

पोलीस चौकीत आधी विचारलं, मारामारी झाली का? नाही. मग हा दिवाणी मामला. मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? तर म्हणे, "तुम्ही वकील आहात का?" अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र साहेब जागेवर नव्हते. पुढच्या खेपेला साहेब होते, शिक्का नव्हता.

आरटीओत त्याहून कहर. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. मी विचारलं, या दुकानाकडे ते आहे का? या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून वरच्या मजल्यावर, आणि तिथून जेवणाच्या सुट्टीवर. शेवटी एकानं गाडीचा फोटो बघून मलाच ऐकवलं की चेसीवर वेल्डिंग म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 52, बेकायदा बदलाला 5,000 दंड, आणि गाडी आज तुमच्या नावावर आहे. म्हणजे नट दुकानदारानं चिकटवला, दंड मी भरायचा! प्रमाणपत्राचं उत्तर आजपर्यंत नाही, आता माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदली, नंबर मिळाला, नंतर "दुकानाकडून प्रतिसाद नाही" म्हणून बंद झाली. विमा थर्ड पार्टीच होता, तिथे बोलायलाच जागा नव्हती.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. मिस्त्रींचं लेखी बिल, नटाचा फोटो आणि दुकानाच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडलाय. जाहिरात त्यांनी नंतर काढून टाकली, म्हणून स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवा. रोख पैसे देऊ नका. 22,500 दिल्याचा पुरावा मी आजही शोधतोय.

गाडी बघायला जाल तेव्हा हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. आवाज सारखा हवा, आणि दोन्ही बाजूंना मूठ व टाकी यांच्यात बोटभर तरी जागा हवी. पूर्ण वळवल्यावर इंजिनची रेस आपोआप वाढली तर केबल ताणतेय, तेही नको. आणि मानेपाशी कुणी रबर गुंडाळलेलं दिसलं, तर विक्रेत्यासमोरच ते कापायला सांगा. कापू देत नसेल तर टोकनही देऊ नका.